आठच्या पाढ्यात अडकलेला पीक

तीन महिने मी एका पीकच्या (म्हणजे कुठला रंग किती शोषला जातो त्या आलेखातल्या, स्पेक्ट्रममधल्या, उंचवट्याच्या) ज्या सरकण्याचा पाठलाग करत होते ते तिथे नव्हतंच, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. ते इथे नीट लिहून ठेवायचंय, कारण पॉलिमरवर सोन्याचांदीचे नॅनोकण वाढवून त्यांचा रंग मोजणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हे कधी ना कधी येणारच आहे.

माझं काम थोडक्यात असं. पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) १२ मायक्रोमीटर जाडीची फिल्म एका छोट्या फ्रेममध्ये ताणून बसवायची, फ्रेम व्हॅक्यूम चेंबरमध्ये उलटी टांगायची, खाली टंगस्टनच्या बोटमध्ये (होडीसारख्या छोट्या पात्रात) सोन्याचा तुकडा तापवायचा आणि त्याची वाफ वर जाऊन फिल्मवर बसू द्यायची. शटर उघडलं की क्रिस्टल मॉनिटरवरचा आकडा मुंगीच्या पावलांनी चढायला लागतो, सेकंदाला एक दशांश अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), म्हणजे ३ नॅनोमीटरला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मी दुसरं काहीही करत नाही, नुसती आकड्याकडे बघत बसते. मग शटर बंद, थंड होऊ द्यायचं, हवा सोडायची, फ्रेम बाहेर. आणि बाहेर काढल्यावर ती फिल्म सोनेरी नसतेच मुळी. उजेडासमोर धरली की निळसर जांभळी दिसते, एखाद्या काचेच्या बाटलीत शाईचा एक थेंब टाकल्यासारखी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं बोटमध्ये भलतंच काही पडलं होतं की काय.

तो मॉनिटरवरचा ३ नॅनोमीटरचा आकडा खरा थर सांगतच नाही. क्रिस्टलवर किती वजन बसलं ते तो मोजतो आणि तेवढं सोनं सपाट पसरलं असतं तर जाडी किती झाली असती ते दाखवतो. पण पॉलिमरवर सोनं पसरत नाही. सोन्याची पृष्ठऊर्जा दर चौरस मीटरला साधारण दीड ज्यूल आणि पीईटीची ०.०४ च्या आसपास, म्हणजे तीसपटीहून जास्त फरक, त्यामुळे सोन्याच्या अणूला खालच्या पॉलिमरपेक्षा शेजारचा सोन्याचाच अणू कितीतरी जवळचा वाटतो. अळवावरचं पाणी जसं थेंब होऊन बसतं तसंच हे. अणू येतात, पृष्ठभागावर इकडेतिकडे फिरतात, दोघंचौघं भेटले की तिथे थांबतात, त्यांना बाकीचे येऊन चिकटतात आणि बेटं तयार होतात, मध्ये मोकळी जागा. सोनं हळू सोडलं तर बेटं कमी पण मोठी, भरभर सोडलं तर बारीक बारीक भरपूर. अजून सोनं घातलं की बेटं एकमेकांना भिडतात, लांबुळकी होतात, आणि दहाएक नॅनोमीटरच्या आसपास एक वेळ अशी येते की सगळी जाळ्यासारखी जोडली जातात, फिल्म एकदम वीज वाहायला लागते आणि तो जांभळा रंग जाऊन हिरवट झाक येते.

रंग येतो तो इलेक्ट्रॉनांच्या हलण्यातून. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने एका बाजूला ढकलले जातात, मागे राहिलेला धन भार त्यांना परत खेचतो, ते पलीकडे जातात, पुन्हा खेचले जातात. हा झोका आहे आणि प्रत्येक झोक्याची स्वतःची एक लय असते. प्रकाशाची लय त्या लयीशी जुळली की कण तो प्रकाश कचकचून शोषतो. पाण्यातल्या १०-२० नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोल कणांसाठी हे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ घडतं, हिरवा प्रकाश जातो आणि द्रावण माणकासारखं लाल दिसतं. चांदीचं ४०० च्या जवळपास, म्हणून ते पिवळं. चांदीचा पीक सोन्यापेक्षा खूप उंच आणि अरुंद येतो, कारण सोन्यात साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालच्या प्रकाशाला खोल पातळीतले इलेक्ट्रॉनही उचलले जातात आणि ते नुकसान नेमकं पीकच्या जागेलाच येऊन भिडतं. चांदीत ते ३२० च्या आसपास सुरू होतं, त्यामुळे तिचा पीक त्यापासून लांब, मोकळ्या जागेत उभा राहतो.

आता कणाच्या भोवती काय आहे यावर ही लय बदलते, आणि पॉलिमरचा खरा संबंध इथे येतो. भोवती हवेऐवजी पॉलिमर असेल तर त्यातले भार थोडे सरकून त्या ओढीचा जोर कमी करतात, झोका संथ होतो, पीक लाल बाजूला, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे, जातो. सोन्याचा छोटा गोळा हवेतून पूर्णपणे पॉलिस्टायरीनमध्ये (थर्माकोल ज्याचा बनतो तो पॉलिमर) गेला तर हा फरक तीसेक नॅनोमीटरचा असतो. नुसता वर बसलेला कण अर्धवट हवेत अर्धवट पॉलिमरला टेकलेला, त्यामुळे मधे कुठेतरी. शिवाय बेट गोल नसतं, बसक्या भाकरीसारखं... नाही, तितकं चपटं नाही, उलट्या वाटीसारखं म्हणू. अशा आकारात आडवा झोका आणि उभा झोका वेगळ्या लयीचे असतात, आडवा लाल बाजूला, उभा निळ्या बाजूला. सरळ समोरून प्रकाश टाकला की फक्त आडवा दिसतो. उभा बघायचा तर सॅम्पल तिरकं करून योग्य दिशेने पोलराइज केलेला प्रकाश टाकावा लागतो. आणि शेजारची बेटं जवळ असतील, म्हणजे मधलं अंतर कणाच्या व्यासापेक्षा बरंच कमी, तर ती एकमेकांच्या झोक्यात हात घालतात आणि पीक आणखी लाल बाजूला जातो आणि रुंद होतो. म्हणून माझा पीक ५२० ला नाही, ५६० च्या आसपास.

म्हणजे बघा, एकच आकडा, आणि त्यात आकार, चपटेपणा, शेजार, पॉलिमर सगळं एकात एक मिसळलेलं. ‘पीक सरकला म्हणजे कण मोठे झाले’ असं सरळसोट लिहिलेलं वाचलं की मला राहवत नाही. २० नॅनोमीटरचा कण ३० चा झाला तर पीक जेमतेम हलतो, त्याहून कितीतरी जास्त तो शेजारी जवळ आल्यामुळे हलतो.

मला बघायचं होतं ते वेगळंच. पॉलिमर तापवला की तो मऊ होतो आणि वरचे कण हळूहळू त्यात रुततात, कारण पॉलिमरने वेढलेलं सोनं ऊर्जेच्या हिशोबात उघड्या सोन्यापेक्षा स्वस्त पडतं. २००३ मध्ये १०-२० नॅनोमीटरचे सोन्याचे गोळे पॉलिस्टायरीनवर ठेवून ते किती रुतले हे एएफएमने (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपने) मोजलेलं आहे आणि त्यात असं दिसलं की पॉलिमर एकूणात जिथे मऊ होतो त्याच्या किंचित खालच्या तापमानालाही ते काही नॅनोमीटर आत जातात, म्हणजे वरचा पातळ पापुद्रा आतल्या भागापेक्षा जास्त सैल असतो. मला हे वाचून फार भारी वाटलेलं. मनात आलं, कण रुतला की भोवतालचं माध्यम बदलणार, माध्यम बदललं की पीक लाल बाजूला जाणार, म्हणजे हात न लावता नुसत्या रंगावरून रुतणं मोजता येईल. पीईटी साधारण ७५ अंशांना सैल व्हायला लागतं, म्हणून फ्रेमसकट ९० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचं (फ्रेम नसेल तर फिल्म आकसून गुंडाळी होते), दर अर्ध्या तासाने काढून यूव्ही-व्हिजमध्ये (स्पेक्ट्रम काढणाऱ्या यंत्रात) मोजायचं, परत ओव्हन.

आणि पीक सरकला की! पहिलं रीडिंग ५५२. अर्ध्या तासाने ५६०. एक तासाने ५६८. मी वहीत तीनदा अधोरेखित केलं. मग एका सॅम्पलमध्ये ५६८ वरून परत ५६०, तेव्हा म्हटलं बेटं गोल होत असतील, त्याने निळ्या बाजूला यायलाच हवं. दुसऱ्या सॅम्पलमध्ये ५५२ वरून हललाच नाही, तेव्हा म्हटलं याची प्लाझ्मा ट्रीटमेंट (सोनं नीट चिकटावं म्हणून आधी पृष्ठभागावर करायची प्रक्रिया) वेगळ्या दिवशीची आहे, चिकटून बसला असेल. प्रत्येक आकड्याला माझ्याकडे कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण आपापल्या जागी खरंच शक्य होतं. तीन महिने असे गेले.

गेल्या आठवड्यात लॅबमधल्या सीनियर ताईला सगळा टेबल दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग पेन्सिलीने आकड्यांवर टिचक्या मारत म्हणाली, "हे सगळे आठच्या पाढ्यातले कसे गं?"

मी परत बघितलं. ५५२, ५६०, ५६८, एकदा ५७६. मध्ये ५५५ नाही, ५६३ नाही, काहीच नाही. पीक कधी एक नॅनोमीटर सरकलाच नव्हता, सरकला तर आठ किंवा सोळा. रुतणारा कण असा पायऱ्या उतरल्यासारखा थोडाच रुतणार.

ताईने कागदावरच हिशोब केला. मोकळ्या फिल्मच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि स्पेक्ट्रमवर बारीक लाटा उठतात, इंटरफेरन्स फ्रिंजेस. दोन लाटांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबीचा वर्ग भागिले दुप्पट अपवर्तनांक गुणिले जाडी. ५६० चा वर्ग ३,१३,६००. पीईटीचा अपवर्तनांक १.६५ आणि जाडी १२,००० नॅनोमीटर धरली तर खाली ३९,६००. भागाकार ७.९. कागदावर तो आकडा उतरला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या स्पेक्ट्रममध्ये त्या लाटा दिसत होत्या. मी त्यांना नॉइज म्हणत होते. आणि बेसलाईनला, म्हणजे सॅम्पलमधून वजा करायच्या मोजणीला, कोरी पीईटी लावत होते, त्यामुळे असल्या तरी वजा होतील असं गृहीत धरलेलं. त्या वजा होत नाहीत. एक तर कोऱ्या तुकड्याची आणि सॅम्पलची जाडी तंतोतंत सारखी नसते, आणि फक्त ८५ नॅनोमीटरचा फरक, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी, लाटेचा माथा उचलून खड्ड्याच्या जागी नेऊन ठेवतो. दुसरं म्हणजे एका बाजूला सोनं बसलं की त्या बाजूचं परावर्तन आणि फेज दोन्ही बदलतात, मग लाटांची उंची आणि जागा बदलते. वजा केल्यावर कधी लाटा कमी होतात, कधी उलट वाढतात. तापवल्यावर फिल्म किंचित आकसते, जाडी बदलते, लाटा पुन्हा सरकतात. आणि दर वेळी सॅम्पल होल्डरमध्ये लावताना प्रकाश एक-दोन मिलिमीटर बाजूला पडला तरी तेच.

पण सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं की बेटांचा पीक रुंद असतो, शंभर नॅनोमीटरहून जास्त, त्यामुळे त्याचा माथा जवळजवळ सपाट असतो. माथ्यापासून आठ नॅनोमीटर इकडेतिकडे गेलात तरी उंची अगदी नावाला उतरते. अशा पठारावर छोटीशी जरी लाट असली तरी सर्वात उंच बिंदू कुठला हे ती लाटच ठरवते. सॉफ्टवेअरला ‘मॅक्सिमम शोध’ म्हटलं की ते इमानदारीत जवळच्या लाटेच्या टोकावर जाऊन बसतं. मी सोन्याचा पीक मोजतच नव्हते, मी पीईटीची जाडी मोजत होते.

दोन दिवस काहीच करावंसं वाटलं नाही. मग ताईनेच सांगितलं की मागच्या पृष्ठभागावरचं परावर्तन मार, लाटा आपोआप मरतील. उपाय इतका साधा आहे की लिहिताना पण बरं वाटतंय. फिल्मच्या मागच्या, सोनं नसलेल्या बाजूला ग्लिसरीनचा थेंब, त्यावर काचेची स्लाइड, बुडबुडा राहू न देता हलक्या हाताने दाबायची. हवा आणि पीईटीमध्ये परावर्तन सहा टक्क्यांच्या जवळ होतं, ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७ असल्यामुळे ते पाव-अर्ध्या टक्क्याच्या मधे कुठेतरी येतं. मी पहिला स्पेक्ट्रम घेतला आणि स्क्रीनवर ती रेघ अशी गुळगुळीत आली की मी दोनदा तपासलं की चुकून स्मूदिंग तर चालू नाही ना. मोजून झालं की स्लाइड काढून मागची बाजू पाण्याने धुवायची, वाळवायची, मग परत ओव्हन. यंत्राची स्लिट (प्रकाशाची फट) रुंद करून आठ-दहा नॅनोमीटरची बँडविड्थ ठेवली, म्हणजे तेवढ्या पट्ट्यातला प्रकाश एकत्र मोजला, तरी लाटा पुसल्या जातात, तसंही मी ताडून बघितलं, पीकची जागा तीच आली. आणि आता माथा शोधत नाही, पीकच्या वरच्या भागाला वक्र फिट करते आणि त्याचा मध्य घेते.

इतर ठिकाणीही पॉलिमर काचेसारखा गप्प बसत नाही हे आता जास्त जाणवतं. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघायला जावं तर तो चार्ज होतो, चित्र वाहत जातं, त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे वर सोन्याचा पातळ थर द्या, आणि इथे तर सोन्याचीच बेटं बघायची आहेत, मग १ किलोव्होल्टपर्यंत खाली येऊन जमेल तेवढं बघायचं. एएफएममध्ये कॉन्टॅक्ट मोडने (टोक टेकवून घासत) गेलं की टिप बेटांना ढकलत नेते, इतकी ती सैल बसलेली असतात, आणि टॅपिंगमध्ये (नुसतं टिचक्या मारत) उंची बरोबर येते पण रुंदी टिपच्या जाडीमुळे फुगून येते. चिकटावं म्हणून खाली क्रोमियमचा एक-दोन नॅनोमीटर थर द्यायची पद्धत आहे, पण क्रोमियम त्या झोक्यातली ऊर्जा पिऊन टाकतं आणि पीक पसरट होऊन जातो, त्यामुळे ऑप्टिकल कामाला ते नकोच. त्यापेक्षा प्लाझ्माने पृष्ठभाग थोडा खडबडीत करून त्यावर ऑक्सिजनचे गट आणलेले बरे, फक्त ती ट्रीटमेंट काही दिवसांत उतरते, पॉलिमरच्या साखळ्या वळून ते गट आत घेतात, म्हणून प्लाझ्मा झाला की लगेच चेंबर.

पॉलिमर निवडतानाही हे आधी बघून घ्या, विशेषतः चांदी असेल तर. पीईटी साधारण ३२० च्या खाली अपारदर्शक होतं, ते चालतं. पिवळ्या पॉलिइमाइडवर चांदी टाकली तर तिचा ४०० च्या आसपासचा पीक पॉलिमरच्या स्वतःच्या शोषणात बुडून जातो, काहीच दिसणार नाही. आणि चांदी हवेत ठेवायची नाही. हवेतल्या गंधकाच्या अंशाने तिच्यावर सल्फाइडचा थर चढतो, पीक खचतो आणि लाल बाजूला जातो. माझी चांदीची सॅम्पल्स डबीत महिनाभर पडून राहिली तर त्यांचा स्पेक्ट्रम ओळखू येईना. सोनं याबाबतीत फार समंजस आहे. फॅरडेने १८५७ च्या सुमारास बनवलेली सोन्याची लाल द्रावणं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेली आहेत. त्याच कामात त्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवून तापवला होता, तेव्हा पलीकडून दिसणारा हिरवा रंग गेला, आणि मग त्यावर अकीकाचा दगड दाबला तर हिरवा परत आला. धातू तोच, तेवढाच, फक्त मांडणी बदलली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तर सोडाच, तेव्हा इलेक्ट्रॉनचाही पत्ता नव्हता, आणि हा माणूस नुसत्या डोळ्याने रंग बघून धातूच्या बारीक कणांबद्दल विचार करत होता, हे आठवलं की मला अजून अंगावर काटा येतो.

व्हॅक्यूमशिवायही हे करता येतं. पॉलिमरवर अमाइनचे गट लावून सोन्याच्या बारीक बिया चिकटवायच्या आणि मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात हायड्रॉक्सिलअमाइन घालून त्या बियांवरच सोनं वाढवायचं, फिल्म डोळ्यांदेखत फिकट गुलाबीवरून गडद होत जाते. किंवा पॉलिडोपामाइनचा थर, जो २००७ पासून सगळे वापरायला लागले, तो जवळपास कशावरही बसतो आणि चांदीच्या आयनांचं रूपांतर स्वतःच धातूत करतो. मी अजून हे हाताने केलेलं नाही, यादीत आहे.

तर आता आकडे. जुने काही तुकडे ड्रॉवरमध्ये होते पण त्यांचा न तापवलेला खरा आकडा माझ्याकडे नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवले आणि नवीन सॅम्पल केलं. ग्लिसरीन लावून, फिट करून: सुरुवातीला ५५७.४. अर्ध्या तासाने ५५२.१. एक तासाने ५५१.८. मग दोन तासांनी ५५३, चार तासांनी ५५५.६. म्हणजे आधी निळीकडे आणि मग हळूहळू परत लालकडे. माझा अंदाज असा की पहिल्या अर्ध्या तासात बेटं गोलाकार होतात आणि एकमेकांपासून थोडी सुटतात, ते पटकन होतं, आणि रुतणं मागून सावकाश येतं. ही फिल्म बनवतानाच दोन्ही दिशांना ओढलेली, बरीचशी स्फटिकी, ती पॉलिस्टायरीनसारखी मऊ पडणार नाही, म्हणून इतकं थोडं. पण हे दोन्ही आधीच्या आकड्यांमध्ये कुठेच दिसत नव्हतं, आठच्या पायऱ्यांखाली गाडलं गेलेलं.

ताई म्हणाली, एका सॅम्पलवर नाचू नकोस, आणि तापवल्याशिवाय नुसतं धुऊन-वाळवून एक तुकडा मोज, ग्लिसरीननेच काही होत नाही ना बघ. तो तुकडा आज सकाळी केला, चार वेळा धुतला, चार वेळा मोजला. ५५७.१, ५५७.३, ५५७.१, ५५७.२. तापवलेला आत्ता परत ओव्हनमध्ये आहे, रात्री साडेनऊला काढायचाय.